मदत हवी आहे: लिचेसवरचे डाव पोस्टग्रेसमध्ये उतरवताना जुने डाव गहाळ होतात

नमस्कार. परभणीत मी शाळकरी मुलांचा बुद्धिबळाचा एक छोटा वर्ग चालवतो. मुले घरी लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर जे डाव खेळतात ते रोज रात्री आपोआप माझ्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जमा व्हावेत, म्हणजे कोण सुरुवातीच्या चालींत चुकतो आणि कोण घड्याळावर हरतो हे रविवारी त्यांच्याच डावांवरून दाखवता येईल, एवढाच उद्देश आहे. (पालकांची संमती घेतलेली आहे.)

पायथनची स्क्रिप्ट क्रॉनने (ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी सोय) रात्री १० वाजता सुरू होते, एकेका मुलाचे डाव लिचेसच्या एपीआयकडे (प्रोग्रॅमला माहिती देणारी सोय) मागते आणि एनडीजेसनमध्ये, म्हणजे एका ओळीत एक डाव याप्रमाणे, जसजसे उत्तर येईल तसतशी प्रत्येक ओळ टेबलमध्ये टाकते. डावाचा ८ अक्षरी आयडी हीच प्रायमरी की आहे, म्हणजे एकच आयडी टेबलमध्ये दोनदा बसत नाही. सगळे डाव रोज नव्याने उतरवावे लागू नयेत म्हणून त्या मुलाची टेबलमधली सर्वांत अलीकडची ‘क्रिएटेडॲट’ वेळ (डाव सुरू झाल्याची) पुढच्या विनंतीत ‘सिन्स’ (या वेळेपासून पुढचे डाव द्या) म्हणून पाठवतो. एका वेळी एकच विनंती असते. ४२९ (विनंत्या फार झाल्याचा इशारा) आल्यास पूर्ण मिनिटभर थांबतो.

एका मुलीचे सुमारे २,३०० डाव आहेत. टोकनशिवाय (खात्याची ओळख न देता) सेकंदाला २० डाव मिळतात, त्या हिशेबाने दोन मिनिटांत काम संपायला हवे. टेबलमध्ये मात्र ८६४ डाव आहेत आणि तेही सगळे अलीकडचे. मी पाच दिवस गावी असताना संगणक बंद होता; परतल्यावर एका मुलाचे शेवटच्या दिवसाचे डाव आले, आधीचे चार दिवस कोरेच राहिले. लॉगमध्ये एकही चूक नाही. वेळा यूटीसीत असल्याने साडेपाच तासांचा घोळ असेल असे आधी वाटले, पण तो तपासून झाला.

आमच्याकडे रात्री लाईट जाते. संगणक इन्व्हर्टरवर आहे, राउटर नाही. परंतु जोडणी तुटली तर नवे डाव यायचे राहायला हवेत, जुने यायचे कसे राहतात?

प्रतिसाद:

सर, गोम तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. क्रम सांगितला नाही तर लिचेस नवा डाव आधी देते. जोडणी मध्येच तुटली की सर्वांत नवी वेळ टेबलमध्ये बसलेली असते, आणि पुढच्या रात्री तुम्ही तिच्यापुढचेच मागता. मागची पोकळी कधीच भरत नाही. ‘सॉर्ट’ला ‘डेटॲस्क’ (जुना डाव आधी) द्या. ज्यांचे डाव राहिले त्यांचे ‘सिन्स’शिवाय एकदा पूर्ण उतरवा आणि इन्सर्टला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ जोडा, म्हणजे आधी आलेल्या डावांवर स्क्रिप्ट अडणार नाही. आणखी एक: दिवसादिवसाला एक चाल असे पत्रव्यवहारी डाव १ तारखेला सुरू होऊन १२ला संपतात, पण ‘क्रिएटेडॲट’ १ तारखेचीच राहते. तेही तुमच्याकडून निसटत असणार. लॉग कोरा कसा, हे मात्र स्क्रिप्टमध्येच पाहावे लागेल.

धागाकर्ता:

मनापासून आभार. लॉग कोरा होता, कारण ‘एक्सेप्ट’खाली मीच कधीतरी ‘पास’ (चूक आली तरी काही न करता पुढे जा) लिहून ठेवले होते. क्रम बदलून, उतरवणे सुरू असतानाच राउटरची पिन मुद्दाम काढली. पुढच्या फेरीत काम जिथे थांबले होते तिथूनच सुरू झाले आणि त्या मुलीचे सर्व डाव आले. पत्रव्यवहारी डावांसाठी आता दर रविवारी ‘सिन्स’ महिनाभर मागे नेऊन एक वेगळी फेरी लावतो आहे.