नागीण उठली तेव्हाच एचआयव्हीची चाचणी का सांगितली नाही?

कृष्णाकाठची
माझा थोरला भाऊ, वय ५४, माळकरी, दोन्ही मुलींची लग्नं झालेली. दीड वर्षापूर्वी छातीवर नागीण उठली. मलम दिलं, गोळ्या दिल्या. मग जुलाब लागले, दर पंधरवड्याला सलाईन. मग जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला. डॉक्टर म्हणाले, पोटातली उष्णता. वजन ६८ वरून ४९. चार दवाखाने झाले; शुगर, थायरॉईड, एंडोस्कोपी, सगळं झालं. शेवटी टीबी निघाला. टीबीच्या पेशंटची सरकारी कार्यक्रमात एचआयव्ही चाचणी होतेच, म्हणून कळलं. सीडी४ काउंट, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी, ३८. दोनशेच्या खाली गेला की आजार फार पुढे गेला असं धरतात.

प्रतिकारशक्ती खालावल्याची अशी लक्षणं एकामागून एक दिसत असताना खासगी डॉक्टरांनी शुगर लिहितात तशी ही चाचणीही लिहायला हवी. माझं म्हणणं एवढंच आहे.

तालुक्याचा डॉक्टर
ताई, दादांचं वाचून फार वाईट वाटलं. पण नागीण कितीतरी जणांना होते, बहुतेकांना एचआयव्ही नसतो. शिवाय २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. संमती विचारली की माणूस दुखावतो. माझा एक जुना पेशंट "माझ्यावर संशय घेता?" म्हणून उठून गेला, तो परत आला नाही.

कृष्णाकाठची
कायदा विचारून करा म्हणतो, विचारूच नका म्हणत नाही. हर्नियाच्या ऑपरेशनआधी हीच चाचणी कितीतरी ठिकाणी न विचारता उरकतात, तेव्हा कुणाला संकोच वाटत नाही. दादाच्या गळ्यातली माळ बघून चौघेही गप्प बसले. पेशंट दुखावेल म्हणून गप्प बसायचं आणि त्याचं वीस किलो वजन उतरताना बघत राहायचं, हे मला पटत नाही.

नाव नको
मी स्वतः पॉझिटिव्ह आहे. गरोदरपणाच्या तपासणीत कळलं, औषध वेळेत मिळालं, मुलगी निगेटिव्ह आहे. चाचणीचं मोल मला माहीत आहे. तरी ताई, मी तुमच्या विरोधात आहे. माझा रिपोर्ट खासगी लॅबमधून माझ्याआधी सासूबाईंना कळला. आठ दिवसांत माझं ताट-वाटी वेगळं झालं. प्रत्येक दवाखान्यात ही चाचणी सुरू झाली तर रिपोर्ट कुणाकुणाच्या हातातून फिरेल? आधी दवाखाना-लॅबवाल्यांना तोंड बंद ठेवायला शिकवा.

तालुक्याचा डॉक्टर
ही भीती खरी आहे. म्हणूनच मी माझ्याकडे रक्त घेणार नाही, आयसीटीसीची, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-चाचणी केंद्राची, चिठ्ठी देईन. तिथे चाचणी फुकट होते, समुपदेशक आधी बोलतो, वेगवेगळ्या किटवर खात्री झाल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत.

नाव नको
तिथल्या बाकावरही गावातलं माणूस भेटतं, डॉक्टर.

कृष्णाकाठची
भेटतं. वहिनीबरोबर मी त्याच बाकावर बसले होते, पदर तोंडावर घेऊन बसली होती ती. तीही पॉझिटिव्ह निघाली. काउंट ४१०, कसलाच त्रास नाही. दोघांच्याही एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या सुरू आहेत. डॉक्टर, चिठ्ठी तर चिठ्ठी, पण पहिल्याच वेळी द्या. दादाला नागीण उठली त्या आठवड्यात कुणी विचारलं असतं, तर वहिनी तेव्हा निगेटिव्ह होती का, एवढं तरी कळलं असतं. आता ते कधीच कळणार नाही. ती मला रोज तेच विचारते.