शनिवारी क्लबहाउसमध्ये डी अँड डी: टेबलं किती, फासे कोणते, नवख्यांना कसं बसवायचं

सी-६०३ (सांस्कृतिक समिती): नमस्कार मंडळी. शनिवारी दुपारी ४ ते ७ क्लबहाउस 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'साठी ठेवलं आहे. १४ नावं आली आहेत. ११ मुलं, ३ मोठे. आधी कुणीच खेळलेलं नाही. ए-२०४ ताई आणि बी-९०१ दादा खेळ चालवतील. शंका इथेच विचारा.

बी-१०२: फासे दिसले म्हणून विचारते, पैसे लावून नाही ना? आणि जिंकतं कोण?

ए-२०४: नाही काकू, पैसे नाहीत, बक्षीसही नाही. सगळे एकाच बाजूचे, त्यामुळे एकमेकांना हरवणंही नाही. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीच्यांकडे गोष्टीतलं एकेक पात्र. डीएम प्रसंग उभा करतो: "पुलाचा दोर कुणीतरी कापलाय, पलीकडच्या झाडीतून शीळ ऐकू येते." मग विचारतो, "काय करता?" जे करायचं ठरलं ते जमेल की नाही अशी शंका असेल तरच फासा पडतो. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ पहिल्यांदा छापला गेला. नियम खूप बदलले, पण हा गाभा आजही तोच आहे.

बी-९०१: १४ जणांना दोन टेबलं पुरणार नाहीत. एका डीएमपुढे ४ खेळाडू उत्तम, ५ चालतात. ७ झाले की लढाईत एकदा खेळून झालेल्या मुलाची पाळी परत यायला दहा मिनिटं लागतात, आणि तोवर ते मूल उठून कॅरम खेळायला जातं. तीन टेबलं करा: ५, ५, ४. तिसरा डीएम हवा.

डी-३०५: मी घेतो तिसरं. ८ ते १० वयाची चार मुलं माझ्याकडे द्या. त्यांना डी अँड डी नको. नवख्यांसाठीच्या त्यांच्या स्टार्टर सेटवरही वय १२ च्या पुढे लिहिलेलं असतं. जॉन हार्परचा 'लेझर्स अँड फीलिंग्स' घेऊ. नियम एका पानात मावतात, फुकट मिळतो आणि ल्यूडोचे फासे चालतात.

सी-४०१: माझी मुलगी त्याच टेबलावर येईल. कसा असतो तो?

डी-३०५: सगळे एका अंतराळयानावरचे कर्मचारी. प्रत्येकाने २ ते ५ मधला एकच आकडा निवडायचा. यंत्र, तर्क, नेमबाजी अशा कामात फासा त्या आकड्याच्या खाली पडला की जमलं. बोलणं, समजूत काढणं, धाडस अशा कामात आकड्याच्या वर पडला की जमलं. म्हणजे ५ घेणारी यंत्रात हुशार, २ घेणारी माणसांत. नेमका आपलाच आकडा पडला तर तेही यश, शिवाय डीएमला एक प्रश्न विचारायचा आणि त्याने खरं उत्तर द्यायचं. एरवी एक फासा. आधी तयारी केली असेल तर आणखी एक, त्या कामात तरबेज असाल तर आणखी एक. एकही फासा जुळला नाही तर गोष्ट बिघडते, एक जुळला तर कसंबसं जमतं आणि काहीतरी नवं झेंगट मागे लागतं, दोन जुळले तर छान. मुलांना ते झेंगटच सगळ्यात आवडतं.

बी-१०२: आणि मोठ्या टेबलांवरचे नियम? पुस्तक विकत घ्यावं लागेल का?

ए-२०४: नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. श्रेय दिलं की छापता येतात, मराठीतही करता येतात. पण शनिवारी ते खेळाडूंना वाचायला देऊ नका. नवख्या माणसाला एवढंच कळू द्या: २० बाजूंचा फासा टाका, त्यात पात्राच्या कागदावरचा आकडा मिळवा, डीएमच्या मनातला आकडा गाठला की जमलं. सोपं काम १०, मध्यम १५, कठीण २०. बाकीचा नियम त्याची वेळ येईल तेव्हा, एका वाक्यात.

बी-९०१: पात्रं आधीच तयार करून ठेवतोय. टेबलावर करायला बसलो तर पहिला दीड तास तिथेच जातो, आणि "चपळता म्हणजे काय" या प्रश्नाला खेळ सुरू व्हायच्या आधी अर्थच नसतो. ताकद, चपळता अशा सहा गुणांना १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले आकडे वाटायचे, त्यात पात्राच्या वंशाची (माणूस, एल्फ वगैरे) भर घालायची. गुणातून १० वजा, उरलेल्याचं अर्ध, अपूर्णांक खाली. म्हणजे ताकद १६ असेल तर कागदावर ठळक +३. खेळाडूला कामाचं हे +३ आहे. १६ छोट्या अक्षरात कोपऱ्यात लिहा, नाहीतर नवखा माणूस फाशात १६ मिळवतो. ही चूक हमखास होते.

ए-२०४: जादूगार टेबलाला एकच ठेवा, आणि तो ज्याला वाचायला आवडतं त्याला द्या. पहिल्या पातळीवरच त्याच्याकडे ३ हव्या तितक्या वेळा वापरायचे छोटे मंत्र, वहीत आणखी ६, आणि ते मोठे मंत्र टाकायची मुभा मात्र दोनदाच. एवढं सांभाळताना नवख्याला घाम फुटतो. योद्धा आणि चोर ही पात्रं सगळ्यात लवकर हातात बसतात.

सी-४०१: पहिल्याच दिवशी पात्र मेलं तर मुलं रडतील हो.

बी-९०१: रास्त भीती आहे ताई, कारण पहिली पातळी सगळ्यात नाजूक असते. आकडेच बघा. जादूगाराची प्राणशक्ती साधारण ८, चिलखत (म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १२. गॉब्लिन, म्हणजे खेळातला बुटका दुष्ट प्राणी, +४ ने वार करतो, म्हणजे फाशावर ८ किंवा जास्त पडलं की लागलं. १०० पैकी ६५ वेळा लागतं. इजा सहा बाजूंचा फासा अधिक २. सहा पडला की ८, जादूगार एकाच फटक्यात आडवा. ढालवाल्या योद्ध्याचं चिलखत १८, त्याला १०० पैकी ३५ वेळाच लागतं. म्हणून चार खेळाडूंपुढे चार गॉब्लिन आणायचे नाहीत. दोन आणा, फार तर तिसरा झाडावर ठेवा, आणि एक पडला की उरलेले पळाले पाहिजेत. जीव सगळ्यांनाच प्यारा असतो.

प्राणशक्ती ०वर आली तरी पात्र लगेच मरत नाही. आपल्या प्रत्येक पाळीला २० चा फासा टाकायचा, १० किंवा जास्त पडलं तर एक यश. तीन यश आधी आली तर जीव स्थिरावतो, तीन अपयश आधी आली तर गेला. मधल्या वेळात मित्राने औषधाची कुपी पाजली की उठून उभा. प्रत्येकाच्या सामानात एक कुपी लिहून ठेवतोय.

डी-३०५: नव्या डीएमची खरी चूक वेगळीच असते. गुप्त दार शोधायला फासा टाकायला लावतो, सगळ्यांचे कमी पडतात, दार सापडत नाही आणि गोष्ट तिथेच अडून बसते. जे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही त्यावर फासा कधीच नको. दार सापडतंच. फासा यासाठी टाका, की ते गुपचूप उघडलं की करकरलं. आणि महत्त्वाची गोष्ट तीन ठिकाणी पेरून ठेवा: पायाचे ठसे, घाबरलेला गुराखी, खिशातला कागद. दोन हातून निसटतातच.

ए-२०४: अगदी. आणि "काय करता?" हे सगळ्या टेबलाला विचारलं की सगळ्यात मोठा आवाज उत्तर देतो. पात्राच्या नावाने विचारा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत. गप्प मुलीला दोन पर्याय द्या, "तू दोर धरतेस की आधी पलीकडे डोकावतेस?" मात्र तिसरं काही सुचलं तर तेही चालतं, हे सांगायला विसरू नका. कुणी भन्नाट युक्ती लढवली तर २० चे दोन फासे टाकू द्या, मोठा धरा. +५ घेऊन १५ गाठायची शक्यता १०० पैकी ५५ असते, ती ८० च्या आसपास जाते. डोकं चालवण्याचं फळ मुलांना तिथल्या तिथे दिसतं.

सी-६०३ (सांस्कृतिक समिती): गोष्ट कोणती? भुतंखेतं, रक्त वगैरे नको, लहान मुलं आहेत.

बी-९०१: घाटातल्या गावाची घंटा चोरीला जाते, पूर आला की तीच वाजवतात, आणि ढग भरून आलेत. तीन प्रसंग: गावाची वेस, तुटका पूल, गुहा. सुरुवात वेशीवरच, घंटा गेल्याची बोंब उठल्यावर. "तुम्ही खानावळीत बसला आहात" असं सुरू केलं की पाऊण तास जेवण मागवण्यात जातो.

ए-२०४: रक्ताचं म्हणाल तर, टेबलाच्या मधोमध एक्स लिहिलेलं कार्ड ठेवणार आहोत. जॉन स्टाव्हरोपोलस यांची ही पद्धत. कुणालाही काही नकोसं वाटलं की कार्डाला हात लावायचा, तो भाग गोष्टीतून वगळायचा, कारण विचारायचं नाही. सुरुवातीला डीएमने स्वतः एकदा हात लावून दाखवला तर मुलं बिचकत नाहीत.

बी-१०२: मग मी पण नाव देऊ का? फासे कुठून आणू?

ए-२०४: नक्की या काकू, माझ्या टेबलावर जागा करते, नियमाला अपवाद म्हणून पाचाऐवजी सहा. फासे आणू नका, सात फाशांचे चार संच आहेत: ४, ६, ८, १२, २० बाजूंचा एकेक आणि १० चे दोन. १२ आणि २० चा दिसायला सारखे वाटतात, म्हणून २० च्या फाशांवर लाल ठिपका लावला आहे.

डी-३०५: प्रत्येकाने पेन्सिल आणि खोडरबर आणा, पेन नको. प्राणशक्तीचा आकडा दर पाच मिनिटांनी बदलतो. आणि घरटी एक काठाची थाळी, आत रुमाल पसरून. फासा थाळीत पडला तरच मोजायचा. नाहीतर अर्धा वेळ कॅरमच्या टेबलाखाली जातो.

सी-६०३ (सांस्कृतिक समिती): थाळीवर फ्लॅट नंबरची चिकटपट्टी लावा. पावणेचारला या.