कृष्णेचं निवेदन: मसुद्यात काय हवं?

सचिव (अ-१०१): नमस्कार ग्रुप. सांगलीत कृष्णेच्या प्रदूषणाबद्दल प्रदूषण नियंत्रण मंडळाला सोसायटीच्या लेटरहेडवर जाणारा मजकूर असा आहे: "नदी दूषित झाली असून दोषींवर कठोर कारवाई व्हावी ही विनंती." बदल सुचवा.

ब-३०४: साहेब, एवढ्यावर अर्ज दप्तरी दाखल होतो. जागा नेमकी लिहा. आयर्विन पुलाच्या वर की खाली, कोणता काठ, सोबत लोकेशन. पाण्याचा रंग, फेस, वास, मासे वर आले होते का. कारखान्याचं नाव मात्र अंदाजाने टाकू नका. पाणी कुठून आलं हे शोधणं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम आहे. आणि शेरीनाल्यातून येणारं शहराचं सांडपाणी वगळून फक्त साखर कारखाने-डिस्टिलरीच्या मळीबद्दल लिहिलं तर निवेदन अर्धवट राहील.

क-२०२: तारीख आणि वेळ सगळ्यात वर घ्या. प्रदूषण करणाऱ्या उद्योगाकडून घ्यायची पर्यावरण भरपाई दिवसांवर मोजतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रात प्रदूषण निर्देशांक, दिवस, रुपयांचा दर, उद्योगाचा आकार आणि आसपासची लोकसंख्या यांचा गुणाकार असतो. लाल गटातला, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या वर्गातला (निर्देशांक ८०) मोठा उद्योग (गुणक १.५) आणि १० लाखांच्या आतली वस्ती (गुणक १) धरली, दर २५० लावला, तर ८० × २५० × १.५ म्हणजे रोजचे ३०,००० रुपये. हे दिवस कधीपासून धरायचे यावरच खरी ओढाताण होते. लेखी तक्रार उशिरा गेली की मधले दिवस उद्योगाला फुकट मिळतात.

अ-४०३: ताई, ३०,००० रुपये मोठ्या उद्योगाला काहीच नाहीत हो.

क-२०२: बरोबर काका, म्हणून भरपाईवर थांबायचं नाही. जल प्रदूषण कायदा १९७४ चं कलम ३३अ नाव घेऊन मागा. त्याखाली उद्योग बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश मंडळ देऊ शकतं. नुसतं "कारवाई करा" लिहिलं की कारणे दाखवा नोटीस निघते आणि विषय तिथेच संपतो.

ड-१०३: बाटलीत पाणी भरून लॅबला दिलं तर चालेल का?

ब-३०४: चालेल, पण त्याचा उपयोग मर्यादित आहे. कोर्टात ग्राह्य धरतात तो याच कायद्याच्या कलम २१ खालचा नमुना. मंडळाचा माणूस उद्योगाच्या प्रतिनिधीला नोटीस देतो, त्याच्यासमोर नमुना दोन भागांत करून सील करतो, दोघांच्या सह्या होतात. आपला रिपोर्ट मंडळाच्या माणसांना तातडीने जागेवर आणण्यासाठी. तोही नीट हवा. विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजायचा किंवा तिथेच रसायन घालून स्थिर करायचा. अर्धी भरलेली बाटली हलली की हवा मिसळते आणि आकडा चांगला येतो. बीओडीचा (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन लागतो याचा) नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा, चाचणी २७ अंशांवर ३ दिवस चालते. संशयाच्या जागेच्या वर एक आणि खाली एक, असे दोन नमुने घ्या, नाहीतर तुलनाच होत नाही. वेळ पहाटेची. रात्रभर शेवाळं ऑक्सिजन वापरतं, म्हणून तेव्हा पातळी सगळ्यात खाली असते आणि मासे तेव्हाच तडफडतात. पिण्यासाठी शुद्ध करायच्या नदीच्या पाण्यात लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा आणि बीओडी ३ च्या वर नको.

अ-४०३: पाऊस सुरू झाला की हे सगळं वाहून जातं. आणि कारखाने घाण पाणी सोडतात तेव्हाच.

ब-३०४: म्हणूनच काका, तपासणी मे महिन्यातच मागायची. साखर कारखान्याकडे प्रक्रिया केलेलं पाणी १५ दिवस साठवायची सोय असावी लागते आणि बाहेर जायला एकच तोंड ठेवता येतं. डिस्टिलरीने तर थेंबही बाहेर सोडायचा नाही. साठवण तळी पावसाआधी किती भरलीत हे पाहून पंचनामा झाला, तर जूनमध्ये ती अचानक रिकामी दिसल्यावर जाब विचारता येतो. कोयनेचा विसर्ग वाढल्यावर पाहणी करून हाती काहीच लागत नाही.

ड-१०३: फोटो इथेच टाकू का सगळ्यांनी?

क-२०२: इथे टाकलेल्या फोटोतली वेळ-जागेची माहिती निघून जाते. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा, पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मेलेले मासे कुजल्यावर तपासणीला निरुपयोगी. नुकतेच मेलेले असतील तर बर्फात ठेवून मत्स्यव्यवसाय विभागाला लगेच कळवा.

सचिव (अ-१०१): माहिती अधिकाराचा अर्जही याच्याबरोबर जोडू?

क-२०२: वेगळा करा. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. पहिल्या अर्जात मंडळाने उद्योगाला दिलेलं संमतीपत्र आणि त्यातल्या अटी मागा. दुसऱ्यात गेल्या वर्षभरातले नमुना तपासणी अहवाल आणि अटी मोडल्याबद्दल उद्योगाच्या जप्त केलेल्या बँक गॅरंटी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याचं तिकीट २० रुपयांचं. हरित लवादाकडे पुण्याला जायची वेळ आली तर कारण घडल्यापासून ६ महिन्यांची मुदत असते, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. तोपर्यंत ही कागदं हातात हवीत.

सचिव (अ-१०१): ठीक, मसुदा बदलतो. सांगलीच्या उपप्रादेशिक कार्यालयात एक, कोल्हापूरच्या प्रादेशिक कार्यालयात एक आणि महापालिका आयुक्तांना एक प्रत.

ब-३०४: तिन्ही प्रतींवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. टेबलावर ठेवून परत येऊ नका.