पाऊस, वन बीएचके आणि "निघायचं ना?": घरातल्या कॅम्पिंगमधून काही शिकवता येईल का?

रिमझिम_आई:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे, वाचा प्लीज. मुलगा सव्वाचार वर्षांचा, छोट्या शिशुत. जूनच्या सुरुवातीला आम्ही भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो, तिथे तंबूत एक रात्र राहिलो आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आता बाहेर धो धो पाऊस, आम्ही वन बीएचकेत, आणि हा रोज सकाळी सॅक पाठीला लावून दारात उभा, "निघायचं ना?" शेवटी ऑनलाइन मुलांचा एक तंबू मागवला, साडेतेराशेचा, त्याच्या काड्या तिसऱ्या दिवशी मोडल्या, पण खरं सांगायचं तर त्याच्या आधीच याचा इंटरेस्ट संपला होता. आत जाऊन बसायचा, दोन मिनिटांत बाहेर, "आता काय करायचं?" त्यात सासूबाईंचं चालूच की नुसता खेळ खेळ, अक्षरं कधी गिरवणार. तर या खेळातूनच आकडे, रंग, काहीही शिकवता येईल का? नेटवर बघावं तर सगळीकडे मार्शमेलो आणि अस्वलं. आमच्याकडे कोणी मार्शमेलो खात नाही हो.

सह्याद्री_बाबा:
ताई, मोडला ते बरंच झालं. तयार तंबूत मुलाला करण्यासारखं काही उरतच नाही, खरी मजा उभा करण्यात असते. दोन खुर्च्या, वाळत घालायची दोरी, एक जुनी चादर आणि कपड्यांचे चिमटे द्या आणि तुम्ही चहा पीत बसा. पहिल्या वेळेला पडणार, पडू दे. चादर मधे का झोळते, चिमटा कुठे लावला की सुटत नाही, हे सगळं त्याचं त्याला कळतं.

आमच्याकडे (मुलगी पाच वर्षांची) ट्रेकचा एक नियम घरातही चालतो, निघताना काउंट घ्यायचा. ती लीडर, मी, बायको, टेडी आणि दोन बाहुल्या. पहिल्या दिवशी मोजलं तर पाचच भरले. परत मोजलं, परत पाच. रडायलाच आली, कोणीतरी हरवलं म्हणून टॉर्च घेऊन पलंगाखाली शोधाशोध. स्वतःला मोजायचं राहिलं होतं :) मी सांगितलं नाही हां, बायकोने खूण केली तरी गप्प बसलो, दहा मिनिटांनी तिचं तिलाच कळलं आणि मग आठवडाभर प्रत्येकाला सांगत होती. एवढी मोजणी मी पाटीवर घेतली असती तर पळून गेली असती.

आणखी एक. मोबाईलचा टॉर्च आणि बुंदीचा झारा. खोलीत अंधार करा, झाऱ्याखाली टॉर्च धरा, छतावर चांदण्या. झारा टॉर्चजवळ नेला की ठिपके मोठे होऊन पसरतात, लांब नेला की लहान होऊन गोळा होतात. पावसाळ्यात खरं आभाळ दिसत नाही तेव्हा हेच. आम्ही काळ्या कार्डपेपरला सात भोकं पाडून सप्तर्षी पण केले, आता पाऊस उघडला की गच्चीवर जाऊन खरे शोधायचेत.

सरळ_बोलतो:
एक विनंती, प्रत्येक गोष्टीत शिकवणी घुसवू नका. "हा तंबू कोणत्या रंगाचा आहे सांग बघू? किती काटक्या आहेत?" असं सुरू केलंत की पोरगं ओळखतं, हा खेळ नाही, परीक्षा आहे. आपण लहानपणी गोधड्यांची घरं केली, भातुकली मांडली, तेव्हा कोणी येऊन पातेली मोजायला लावत नव्हतं.

अंगणवाडीची_ताई:
दादांचं बरोबर आहे पण थोडं जास्तच सरळ झालं :) विचारायचं, पण खेळातला माणूस होऊन विचारायचं. बाहेरून बाई म्हणून नाही, आत पाहुणी म्हणून जायचं. "अहो मला पण जागा मिळेल का, पाऊस लागलाय, आम्ही तिघं आहोत." आता बघा, तिघांना जागा पुरते का, चादरी किती, भाकरी किती, सगळं मुलं स्वतः मोजतात कारण आता गरज पडली. "आता काय करायचं" म्हणतो ना तुमचा मुलगा, त्याचं कारण तंबूत काही अडचणच नाही. एक छोटी अडचण सोडून द्या. पाणी संपलं, छत गळतंय, कोणाचा तरी पाय मुरगळला. मग बघा.

मी जुन्नरकडे शिकवते. आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या म्हणजे पाचटाच्या झोपड्या टाकून राहतात, त्यातली काही मुलं माझ्याकडे बसतात. दोन वर्षांमागं मी वर्गात असाच तंबूचा कोपरा केला, साडी बांधून. गावातल्या मुलांना मजा, नुसता धिंगाणा. टोळीतली एक मुलगी, चार-साडेचारची असंल, महिनाभर तोंडातून शब्द काढला नव्हता. ती उठली आणि म्हणाली, "दार तिकडं नगं, वारा येतो." सगळं फिरवायला लावलं. मग बाहेर जाऊन तीन दगड आणले, हलवून हलवून चूल मांडली आणि वर वाटी ठेवून बघितली, डुगडुगते का. डुगडुगली तसा एक दगड बदलून आणला. माझ्या अख्ख्या वर्गात तंबू म्हणजे काय हे तिलाच माहीत होतं. त्या दिवसापासून मुलं तिला विचारायला लागली. मला मात्र जरा लाजल्यासारखं झालं, कारण मी पिकनिक म्हणून मांडलं होतं आणि ते तिचं घर होतं. तेव्हापासून मी मुलांना आधी "कॅम्पिंग" सांगतच नाही, साडी, दोरी, दगड ठेवते आणि ती काय मांडतात ते बघते. कोणी धनगराचा वाडा मांडतं, कोणी जत्रेतलं दुकान.

आणि अस्वल नको तुम्हाला, आमच्याकडे बिबट्या आहे, खरोखरचाच :( मुलं तेच खेळतात. एक जण उसात बिबट्या, बाकीचे टॉर्च लावून ताटल्या वाजवतात. आधी मला वाटायचं थांबवावं, घाबरतील. पण घाबरलेली मुलंच हा खेळ जास्त खेळतात आणि बिबट्या व्हायला भांडतात पण तीच. आता मी एवढंच करते, खेळ संपला की संध्याकाळी एकटं उसाकडं जायचं नाही, मोठ्या माणसाबरोबर जायचं, हे त्यांच्याच तोंडून वदवून घेते.

सासूबाईंना सांगा, ताराबाई मोडकांनी 1945 साली पालघरकडच्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर वाढवलं, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शंख, खडे, पानं यांवरच मुलांना शिकवलं. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा काढली, शाळाच कुरणात नेली. आणि आता 2020 च्या शिक्षण धोरणात पण 3 ते 8 वयाचा पायाभूत टप्पा धरलाय आणि तो खेळातून शिकायचा म्हटलंय. अक्षरं येतील हो. चिमटा दाबून दाबून बोटांत ताकद आली की पेन्सिल पण नीट धरता येते.

मंजूची_मम्मी:
सगळं छान आहे पण दोन गोष्टी लिहितेच. दोरी खोलीत आडवी बांधाल तर मुलाच्या गळ्याच्या उंचीवर नको, पळताना दिसत नाही, आणि खेळ संपला की सोडून ठेवा. दुसरं, खेळण्यातल्या टॉर्चमधे बटण सेल असतात, झाकण स्क्रूचं आहे ना बघा, गिळला तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठायचं. आणि शेकोटी म्हणून मेणबत्ती वगैरे अजिबात नको. केशरी ओढणी आणि खाली टॉर्च, काम झालं.

म्युनिक_कर:
इथे जर्मनीत जंगलातली बालवाडी असते, मुलं पाऊस असो थंडी असो दिवसभर बाहेरच. माझा मुलगा त्यातच जातो त्यामुळे तंबू-बिंबू त्याला रोजचंच. आमचा प्रॉब्लेम वेगळा, मराठी कळतं पण बोलत नाही. गेल्या हिवाळ्यात आजी-आजोबा आले होते, आजोबांनी हॉलमधे धोतराचा तंबू केला आणि नियम केला की तंबूत फक्त मराठी. "गाठ मार", "सैल झालं", "ताणून धर", "खुंटी ठोक", "सरक तिकडे". हे शब्द मी पुस्तकातून कधी शिकवूच शकले नसते, कारण सैल म्हणजे काय हे दोरी हातात असल्याशिवाय कळतच नाही. परवा बुटाची लेस सुटली तर म्हणतो, "आई, गाठ सैल जाली." ते "जाली" मी मुद्दाम दुरुस्त केलं नाहीये :)

सह्याद्री_बाबा:
हा पावसाचा विषय निघालाच आहे तर, बाथरूममधे हा खेळ करून बघा. एका वाडग्यावर रुमाल, एकावर जुन्या छत्रीचं कापड, एकावर गोधडीचा तुकडा, रबर लावून ताणून, आणि मगाने पाऊस पाडायचा. कुठल्या घरातली बाहुली भिजली ते आधी ओळखायचं. आमच्याकडे मुलीने गोधडीवर पैज लावली, जाड आहे म्हणून. हरली. गोधडी वाळायला तीन दिवस लागले, ते मात्र मी भोगलं.

रिमझिम_आई:
सगळ्यांना खूप खूप थँक्यू, चार दिवसांनी लिहितेय. डायनिंग टेबलवर माझी जुनी कॉटनची साडी टाकली, बास. अंगणवाडीच्या ताईंचं ऐकून मी "पाऊस लागलाय, जागा आहे का" म्हणून गेले तर साहेब म्हणाले, "आधी पावती." भंडारदऱ्याला नाक्यावर गाडी थांबवून पावती फाडली होती, ते याच्या डोक्यात. मग पावतीवर नाव पाहिजे, तर त्याने स्वतःहून "आई" लिहायचा हट्ट धरला. आ ला काना कुठे, ई ला वरचं ते काय, सगळं विचारून विचारून. ई उलटी पडली पण आली! आणि खरी गंमत म्हणजे सासूबाई आता नाक्यावर बसतात, चष्मा लावून, जुन्या डायरीतल्या पावत्या फाडतात आणि सुट्टे नसतील तर आत सोडत नाहीत. काल सुट्ट्यांवरून आजी-नातवात भांडण, दहाच्या नोटेतून सात गेले तर किती परत द्यायचे. अक्षरांचा विषय तूर्तास बंद आहे.

आता एकच अडचण. उद्या आठ पाहुणे जेवायला आहेत आणि हा टेबल सोडायला तयार नाही.

सरळ_बोलतो:
पाहुण्यांना सुट्टे घेऊन यायला सांगा.