मैलागणिक पगार, पण मैल कोणाच्या हातात?

(‘दूरचा पल्ला’ यांचा लेख आणि त्यावरील प्रतिसाद; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

दूरचा पल्ला

मालवाहतूक कंपनीत चालकाची भरती होताना बोलणी होतात ती मैलामागच्या दरावर. आठवड्याची कमाई मात्र दर आणि मिळालेले मैल यांच्या गुणाकारातून येते आणि मैलांचा आकडा बहुतेक करारांत नसतोच. तो रोज डिस्पॅचरच्या, म्हणजे चालकांना फेऱ्या वाटून देणाऱ्याच्या, टेबलावर ठरतो. म्हणून माझे मत असे की, डिस्पॅचच्या कामकाजावरही दराइतकीच लेखी बंधने असायला हवीत आणि गोदामात खोळंबलेल्या वेळेचे पैसे पहिल्या मिनिटापासून मिळायला हवेत.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ, कारण मैलागणिक पगार तिथे चांगलाच रुळलेला आहे. सलग १० तास विश्रांती घेतलेल्या चालकाला कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. गोदामाच्या दारात ४ तास ताटकळावे लागले तरी हे १४ तासांचे घड्याळ, गाडीतल्या झोपण्याच्या बर्थमध्ये ठरावीक तास काढण्याची सवलत वगळता, थांबत नाही. उरलेल्या १० तासांतून गाडीची तपासणी, इंधन आणि कागदपत्रे यांचा तासभर वजा केला की ११ ऐवजी ९ तास हाती राहतात. म्हणजे खोळंब्याचे पैसे मिळाले नाहीत ते वेगळेच, वर कमाईचे २ तासही बुडाले.

वेळापत्रकाचा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो. समजा, चालकाने रात्री १० तासांची विश्रांती पूर्ण केली आणि सकाळी ६ वाजता तो कामाला तयार आहे. डिस्पॅचकडून ‘थोड्या वेळात कळवतो’ असा निरोप येतो आणि माल मिळतो दुपारी १ वाजता. इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्राच्या हिशेबी त्याचे १४ तास अजून सुरूच झालेले नाहीत, तेव्हा मध्यरात्र उलटून गेल्यावरही त्याने गाडी चालवणे पूर्णपणे नियमात बसते. तो सकाळपासून फोनकडे पाहत जागा आहे, हे यंत्रात कुठेच उमटत नाही. डिस्पॅचरच्या पडद्यावर शिल्लक तास दिसतात, शिल्लक झोप दिसत नाही.

कंट्रोलरूम

मी अनेक वर्षे डिस्पॅचचे काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडणे भाग आहे. माल उचलण्याची वेळ मी ठरवत नाही. ती माल पाठवणारा ठरवतो आणि पोहोचवण्याची वेळ घेणारा ठरवतो. या दोन वेळांच्या मध्ये चालकाचे कायदेशीर तास, गाडीची जागा आणि रिकामे मैल बसवणे एवढेच माझ्या हातात असते. दुपारी १ वाजता माल मिळाला म्हणजे सकाळी ६ वाजता तो माझ्याकडे होता आणि मी दाबून ठेवला, असे गृहीत धरणे योग्य नाही.

चालकाला एक फेरी दिसते, मला त्या फेरीनंतरच्या तीन दिसतात. कमी मैलांची फेरी मी एखाद्याच्या गळ्यात मारतो, तेव्हा बहुधा त्या शहरातून दुसऱ्या दिवशी लांबचा माल निघणार असतो. ती फेरी त्याने नाकारली, तर त्याचेच दोन दिवस वाया जातात आणि मग ‘डिस्पॅचने उपाशी ठेवले’ असा बोभाटा होतो. तातडीचा माल मी वेळ पाळणाऱ्यालाच देतो, यात मला कोणताही वशिला दिसत नाही.

दूरचा पल्ला

तीन पुढच्या फेऱ्या आपल्याला दिसत असतील, तर त्या चालकाला सांगण्यात अडचण कोणती? आज छोटी फेरी, उद्या त्याच शहरातून लांबचा माल, असे दोन ओळींत लिहून पाठवले, तर नकाराचे निम्मे प्रसंग टळतील. माहिती एकाकडेच राहिली की योजना आणि मर्जी यांतला फरक दुसऱ्याला कळण्याचा मार्गच उरत नाही. फेरी नाकारणाऱ्याला दुसरी फेरी दीड दिवसाने मिळते, तेव्हा खरोखर माल नव्हता की ती शिक्षा होती, हे त्याने कसे ओळखावे?

मागचे चाक

मी चालक आहे आणि तरीही मूळ लेखकाशी पूर्ण सहमत नाही. या चर्चेची गाडी लवकरच ‘मैलाऐवजी तासांवर पगार द्या’ या मुक्कामी जाईल, आणि ते मला नको आहे. मैलागणिक पगारात माझे कसब माझ्या खिशात येते: कोणत्या वेळी कोणते शहर टाळायचे, इंधन कुठे भरायचे, गाडी उभी करायला जागा मिळणार नाही हे ओळखून कधी थांबायचे. तासांवर पगार आला की प्रत्येक थांब्याचा जाब विचारला जाईल आणि कंपनी तासच कमी देऊ लागेल.

माझी तक्रार वेगळी आणि अगदी साधी आहे. अनेक कंपन्या मैल मोजतात ते अंतरांच्या ठरावीक तक्त्यातल्या सर्वांत जवळच्या मार्गाने, जो प्रत्यक्षात अवजड गाडीला कित्येकदा घेताच येत नाही. चाक फिरते एका आकड्याने, पगार निघतो दुसऱ्याने. हे डिस्पॅचरचे पाप नाही, पण त्याच्या संदेशावर छापलेले मैल हे तक्त्यातलेच असतात आणि चालक ते खरे धरून चालतो.

कलम

कायद्याची बाजू थोडी स्पष्ट करतो. अमेरिकेच्या १९३८ च्या कामगार कायद्यात आंतरराज्य मालवाहतुकीच्या बहुसंख्य चालकांना जादा कामाच्या वाढीव दरातून वगळलेले आहे. त्यामुळे त्यांचा आठवडा ४० तासांवरून ६० तासांवर गेला, तरी त्या कायद्यापुरता कंपनीवर दीडपट दराचा भार पडत नाही. जी गोष्ट फुकट मिळते ती जपून वापरण्याचे कारण कोणालाच उरत नाही; डिस्पॅचची घडी याच पायावर बसलेली आहे.

चालकाला नियम मोडून गाडी चालवायला भाग पाडण्याविरुद्धचा, म्हणजे सक्तीविरुद्धचा, नियम तिथे २०१६ पासून लागू आहे आणि तो वाहतूक कंपनीबरोबरच माल पाठवणारा, घेणारा आणि मध्यस्थ यांनाही लागू होतो. त्याची मर्यादा मात्र ओळखायला हवी. ‘तास संपले आहेत, मी निघणार नाही’ असे सांगणाऱ्या चालकाला धमकावले, तर हा नियम उपयोगी पडतो; ‘ही फेरी परवडत नाही’ किंवा ‘मला झोप मिळालेली नाही, पण तास शिल्लक आहेत’ यांपैकी पहिल्या नकाराला तो अजिबात संरक्षण देत नाही. दुसऱ्यासाठी थकव्याचा वेगळा नियम आहे, परंतु थकवा सिद्ध करणे म्हणजे चालकाचा शब्द एका बाजूला आणि यंत्रातले हिरवे आकडे दुसऱ्या बाजूला.

युरोपीय संघाने वेगळी वाट धरली. तेथील २००६ च्या ५६१ क्रमांकाच्या नियमावलीनुसार अंतरावर किंवा पोहोचवण्याच्या वेगावर आधारलेला मोबदला रस्त्यावरील सुरक्षेला बाधक ठरत असेल तर तो देता येत नाही, आणि चालकाला नियम पाळता येतील असे काम आखणे ही कंपनीची जबाबदारी आहे. त्याहून सूचक तरतूद २००२ च्या कामाच्या वेळेसंबंधीच्या निर्देशात आहे: प्रतीक्षेचा काळ कामाच्या तासांतून वगळायचा, तर तो साधारण किती असेल हे चालकाला आधी माहीत असले पाहिजे. ‘थोड्या वेळात कळवतो’ हे उत्तर तिथे पुरत नाही.

हिशेबी

पहिल्या मिनिटापासून खोळंब्याचे पैसे द्या, ही मागणी ऐकायला सोपी आहे. प्रचलित करारांत माल चढवायला आणि उतरवायला साधारण २ तास मोफत धरलेले असतात; त्यापुढचे पैसे माल पाठवणाऱ्याकडून वसूल करायला आगमनाच्या वेळेची सही लागते आणि ती मिळूनही बिल महिनोन्‌महिने लोंबकळते. थोड्या गाड्यांच्या कंपनीने ही रक्कम चालकाला आधी द्यायची आणि नंतर भांडत बसायचे, तर ती कंपनी टिकणार नाही. चालकाने रिकामा ट्रेलर गोदामात सोडायचा आणि आधीच भरून ठेवलेला जोडून निघायचे, ही पद्धत वाढवावी, असे मी सुचवीन. तिने खोळंबा मुळातच कमी होतो. जास्तीचे ट्रेलर घेण्याची ऐपत लागते, हे मात्र खरे.

दूरचा पल्ला

कंपनीला तो खर्च परवडत नाही, म्हणून आज तो चालक भरतो आहे, एवढेच आपल्या प्रतिसादातून निघते. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात खोळंब्यामुळे पूर्ण ट्रक भाड्याच्या क्षेत्रातील चालकांचे वर्षाला १.१ ते १.३ अब्ज डॉलरचे उत्पन्न बुडते, असा अंदाज दिला होता. शिवाय थांब्याचा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला, तर अपघातांचे अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढते, असेही त्यात होते. कॅलिफोर्नियाने २०१६ पासून नगावर पगार घेणाऱ्यांना (मैलागणिक पगारही त्यातच येतो) उत्पादक नसलेल्या वेळेचे पैसे वेगळे द्यायला लावले. ‘मागचे चाक’ यांना मी एवढेच सांगेन की, मैलाचा दर काढा असे मी कुठेही म्हटलेले नाही. चाक फिरते तेव्हा मैल मोजा, आणि कंपनीने थांबवले तेव्हा तास मोजा.

कंट्रोलरूम

पुढच्या फेऱ्या लिहून कळवण्याला माझा विरोध नाही, फक्त त्यांतली निम्मी योजना संध्याकाळपर्यंत बदलते आणि मग ‘लिहून दिले होते’ असा वाद माझ्या अंगावर येतो, तेवढे समजून घ्यावे. पहिल्या मिनिटाच्या पैशांना मात्र विरोध आहे. काही चालक ठरलेल्या वेळेच्या ३ तास आधी फाटकावर हजर होतात, कारण उभे राहायला दुसरीकडे जागा नसते. ते ३ तास कोणी भरायचे? मोजणी ठरलेल्या वेळेपासून किंवा आगमनापासून, यांत जी नंतरची असेल तिथून सुरू व्हावी. यापलीकडे कोणतीही कंपनी जाणार नाही.

मागचे चाक

ही अट मला मान्य आहे, पण तिला एक भोक आहे. कित्येक गोदामांत ठरलेली वेळच नसते. ‘सकाळी ७ ते दुपारी ३, जो आधी येईल त्याचा माल आधी’ असा कारभार असतो. ७ वाजता पोहोचलेला चालक आठवा असेल आणि त्याची पाळी १२ वाजता आली, तर आपल्या मते मोजणी कुठून सुरू होते?

कंट्रोलरूम

अशा ठिकाणी फाटकावरच्या नोंदीपासून. पण ती नोंद गोदामाच्या पहारेकऱ्याच्या वहीत नको, गाडीतल्या यंत्राचीच धरावी; पहारेकरी वेळ त्याच्या मालकाच्या सोयीने लिहितो, हा माझाही अनुभव आहे.