बोलेरो पिकअपला मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) कुठले घालावेत? चोर्ला रूट, भाजीचा लोड

खानापूर_रूट
नमस्कार मंडळी. बोलेरो पिकअप हाय, १.७ टनवाली. बेळगाव मार्केटला भाजी भरायची आणि चोर्ल्यावरनं गोव्यात खाली करायची हा धंदा. लोड रोज एकसारखा नसतोय, बटाटा असला की गाडी जड, मिरची असली की हौदा भरलेला दिसतोय पण वजन काय नसतंय, आणि येताना नुसते रिकामे क्रेट. आता मागनं गाडी बसायला लागलीया, कणकुंबीच्या पुढं खड्ड्यात गेली की अॅक्सल वरच्या रबराला ठोकतोय आणि रात्री समोरचे सगळे लाइट मारत्यात कारण माझा उजेड वर गेलाय. डावी बाजू जरा जास्तच खाली वाटते. एक मिस्त्री म्हणतोय दोन्हीकडं दोन दोन पाटे वाढव, दुसरा म्हणतोय अख्खा सेट जाड पाट्याचा घाल, तिसऱ्यानं एअर बॅग (पाट्यांच्या जोडीला बसवायची हवेची पिशवी) सांगितली. पैसे एकदाच घालायचेत पण बरोबर ठिकाणी, सांगा की कुणीतरी.

चंदगड_पिकअप
दोन पाटे वाढवा की ओ, आमच्याकडं काजू, रताळी भरणारे सगळे तेच करत्यात. गाडी हलत न्हाई.

उद्यमबाग_फिटर
चंदगडवाले भाऊ, रोज फुल लोड असेल त्याला ते चालतंय, ह्यांची गाडी अर्धा वेळ रिकामी पळते. रिकाम्या गाडीला कडक पाटे घातले की मागचं चाक खड्ड्यावर उड्या मारतंय, पावसाळ्यात घाटातल्या वळणावर पकड सुटते, आणि शॉक ॲब्सॉर्बर, बुश (जोडातलं रबर) सगळं लवकर जातंय.

खानापूरवाले, पाटे घ्यायच्या आधी दोन कामं करा. सपाट जागेवर गाडी लावून हबच्या मधापासनं हौद्याच्या कडेपर्यंत टेप लावा, डावीकडं, उजवीकडं, रिकामी असताना आणि भरल्यावर. मग बटाट्याचा लोड असेल त्या दिवशी काट्यावर अख्खी गाडी वजन करा आणि परत फक्त मागची चाकं प्लॅटफॉर्मवर ठेवून करा, मागच्या अॅक्सलवर खरं किती येतंय ते कळतंय. त्या आकड्याशिवाय दुकानदार काय सांगेल ते सगळं अंदाजे. आणि एकच बाजू खाली असेल तर ती पाटे कमी पडल्याची खूण न्हवं. तिथं एखादा पाटा तुटलेला असतोय, न्हाईतर शॅकलचं, म्हणजे पाटा चेसीला जोडणाऱ्या हलत्या कडीचं, बुश गेलेलं. कमान, म्हणजे पाट्यांचा अख्खा जोड, खोलूनच बघा.

जाडीचं गणित पण ध्यानात ठेवा, दुकानात हे कुणी सांगत न्हाई. लांबी रुंदी तीच ठेवून पाच पाट्यांत त्याच जाडीचा एक वाढवला तर कमान साधारण पाचव्या हिश्श्यानं कडक होते. पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनानं वाढतोय, म्हणजे ८ मिमीच्या जागी १० मिमीचा पाटा घातला तर तो एकटाच जवळजवळ दुप्पट कडक. म्हणून जाड पाट्याचा सेट तुम्हाला न्हाई लागत. तुमच्यासारख्या कमीजास्त लोडला कंपनीच्या मापाचा सेट आणि खाली हेल्पर पाटा, जो रिकाम्या गाडीत मोकळा राहतोय आणि लोड पडला की मग टेकतोय, हे सगळ्यात बरं. एअर बॅग वाईट न्हाई, हवा कमीजास्त करता येते, पण नळी घासून लीक झाली की घाटातच बसाल. आणि जुनेच पाटे घणानं गार ठोकून कमान मारून देणारे असत्यात, ते थोड्या दिवसांत परत बसतंय. पाटा भट्टीत तापवून, तेलात विझवून, परत टेंपर केला (कमी आचेवर पुन्हा तापवला) तरच टिकतोय.

निपाणी_हायवे
वरचं सगळं बरोबर, पण ब्रेकचं राहिलं आणि चोर्ला उतरणाऱ्यानं तेच आधी बघायला पायजे. मागच्या अॅक्सलपासनं चेसीकडं एक दांडी किंवा स्प्रिंग गेलेली असेल तर तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. गाडी जितकी बसते तितकं मागच्या ब्रेकला प्रेशर जास्त सोडतोय. पाटे कडक केले की भरलेली गाडीसुद्धा बसत न्हाई, व्हॉल्व्हला वाटतंय गाडी रिकामी हाय, आणि मागचा ब्रेक कमी लागतोय. सगळा भार पुढच्या ब्रेकवर, उतारावर तो तापला की काय होतंय ते सांगायला नको. पाटे बदलल्यावर ती दांडी सर्व्हिस मॅन्युअलच्या मापात सेट करूनच घ्या.

दुसरं, पाटे वाढवले म्हणून आरसी बुकातलं वजन वाढत न्हाई. अॅक्सल, हब, टायर, ब्रेक तेच राहत्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० आणि वर जादा टनाला २,००० दंड कायद्यात हाय.

खानापूर_रूट
लई उपकार तुमचे. रविवारी कमान खोलली. डावीकडचा दुसरा पाटा सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा) भोकातनं आडवा चिरलेला, वरच्या मेन पाट्याच्या खाली झाकलेला म्हणून बाहेरनं दिसतच न्हवता. चिरेचा अर्धा भाग गंजून तांबडा आणि अर्धा चकचकीत, म्हणजे लई दिवसापासनं हळूहळू जात होता. उजवीकडं तुटलेलं काय न्हाई पण शॅकलचं रबर पिचकलंय. टेपनं डावी २ सेंटिमीटर खाली. दोन्हीकडं कंपनीच्या मापाचा नवीन सेट आणि हेल्पर असं ठरवलंय. एकच बाजू बदलली तर चालंल का? मिस्त्री म्हणतोय चालतंय.

उद्यमबाग_फिटर
न्हाई चालत, नवीन आणि थकलेली कमान मिळून गाडी परत वाकडी उभी राहणार. दोन्ही बाजू एकदमच. जामना कंपनीचा सेट मिळाला तर बघा, लोकल घेतला तर पाट्यावर मेकरचा छाप आणि जाडी कॅलिपरनं मोजून घ्या. यू-बोल्ट (कमान अॅक्सलला आवळणारे) आणि सेंटर बोल्ट नवीनच, हेल्परमुळं थर वाढतोय म्हणून लांबीचे बघून. शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फुल टाइट करू नका, चाकं जमिनीवर टेकवून मग करा, न्हाईतर रबर पिळलेलंच राहतंय. एक फेरी लोड घेऊन झाली की यू-बोल्ट परत टॉर्क पान्यानं ओढून घ्या, आणि हेडलाइट त्यानंतरच सेट करा, आधी केला तर फुकट जाईल.