आईचा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर लिव्हरमध्ये पसरलाय, कोणी बरीच वर्षं काढलीत का?

सातपूरची_लेक:
आई ५६ वर्षांची. तीन-चार वर्षं जुलाब व्हायचे, चेहरा एकदम लालबुंद व्हायचा, सगळे म्हणायचे पाळी जातेय म्हणून होतंय. आता लहान आतड्यात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ निघाली आणि लिव्हरमध्ये पाच-सहा. ग्रेड १, केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतायत त्याचा आकडा) २%. डॉक्टर म्हणाले हळू वाढणारा आहे, वर्षांचा हिशोब धरा. पण चौथी स्टेज ऐकल्यापासून बाबा नीट जेवत नाहीयेत, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण हाच आजार झालेल्या इरफान खानचं नाव काढतो. खरंच कोणी वर्षं काढलीत का?

निफाडकर_काका:
मी काढतोय बाळा. २०१४ ला कळलं तेव्हाच लिव्हरमध्ये होतं. दर २८ दिवसांनी ऑक्ट्रिओटाइडचं ३० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, कुल्ल्यावर, त्याने जुलाब आणि लाली बरीच आटोक्यात आली. २०१९ ला गाठी वाढल्या मग परळला ल्युटेशियमचे (गाठीला आतून किरणं देणारं औषध) चार डोस घेतले, आठ-आठ आठवड्यांनी. गाठी गेल्या नाहीत, थोड्या आक्रसून तिथेच आहेत. यंदाची द्राक्षाची छाटणी बांधावर उभं राहून करून घेतली. स्कॅनच्या आदल्या रात्री झोप मात्र अजून लागत नाही. आणि इरफानशी तुलना करू नका, एकाच नावाखाली फार वेगवेगळे आजार येतात, ग्रेड आणि केआय-६७ बघा.

मिरजेहून_वैशू:
आमचं इतकं सरळ नाही गेलं, ह्यांचा पॅन्क्रियाजचा, केआय-६७ १२%, तरी सहावं वर्ष चालू आहे. ताई, डोटाटेट पेट स्कॅन झाला का ते विचारा, गाठी त्यात उजळल्या तरच ल्युटेशियमचा उपयोग. आईला लाली येते म्हणजे हार्मोन सुटतायत, त्याने हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा खराब होऊ शकतात म्हणून टूडी एको करून घ्या. हार्मोन मोजायला चोवीस तासांची लघवीची टेस्ट सांगितली तर आधी केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद, लॅबला विचारून घ्या किती दिवस. आणि कुठलंही ऑपरेशन असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ह्या आजाराचं आधी सांगायचंच, हे विसरू नका.

सातपूरची_लेक:
काका, तुमचं बाबांना वाचून दाखवलं, परत एकदा वाच म्हणाले. एकोचं कोणी बोललंच नव्हतं, सोमवारी विचारते. इंजेक्शनच्या दिवशी तुम्ही एकटे जाता का, का आईसोबत मी सुट्टी काढू?

निफाडकर_काका:
पहिल्या दोन-तीन वेळा जा. मी आता एसटीने एकटाच जातो.